व्होल्टेज कमी केलं तर प्रोसेसर स्लो होतो का?

प्रश्न : माझा लॅपटॉप गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत ९५ डिग्रीच्या वर जातो आणि मग गेम अडकत अडकत चालतो. मित्र म्हणतो अंडरव्होल्ट कर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी कर, भाऊ म्हणतो वीज कमी दिली तर मशीन स्लोच होणार ना! खरं कोणाचं?

उत्तर : तुमच्या भावाचं लॉजिक पंख्याच्या रेग्युलेटरला बरोबर आहे, प्रोसेसरला नाही. प्रोसेसरचा स्पीड ठरतो क्लॉकवर, म्हणजे तो सेकंदाला किती ठोक्यांनी चालतो त्यावर, व्होल्टेज फक्त तो क्लॉक न चुकता पेलायला लागतं. आता एकाच मॉडेलच्या सगळ्या चिप काही सारख्या निघत नाहीत, त्यातली सगळ्यात कमजोर चिपसुद्धा उकाड्यात नीट चालली पाहिजे म्हणून कंपनी सगळ्यांनाच थोडं जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवते, आपण काढतो ते हे जास्तीचं.

आणि फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण चिप काम करताना जी पॉवर खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टचं १.१ केलं तर व्होल्टेज कमी झालं ८ टक्के, पण ती पॉवर तब्बल १६ टक्के उतरते, आणि क्लॉक तोच!

तुमचा लॅपटॉप बहुतेक थ्रॉटल होतोय, म्हणजे तापमान लिमिटला टेकलं की प्रोसेसर स्वतःच क्लॉक खाली आणतो. उष्णता कमी झाली की ही वेळ उशिरा येते किंवा येतच नाही, म्हणून तुमच्याकडे स्पीड उलट वाढेल. पण मोठा कूलर लावलेल्या डेस्कटॉपवर, जिथे क्लॉक आधीच पूर्ण मिळतोय, तिथे स्पीड टेस्टच्या स्कोअरमध्ये काही फरक दिसणार नाही, फक्त फॅन शांत होईल.

उतरताना मात्र १०-१० मिलिव्होल्टनेच उतरा. मी एकदा थेट मायनस १०० मिलिव्होल्ट टाकलं, सिनेबेंच ही प्रोसेसरला फुल लोड देणारी टेस्ट तासभर मस्त चालली, मी खुश, आणि रात्री नुसता ब्राउजर उघडून बसलो होतो तर निळी स्क्रीन! तेव्हा कळलं की लोडवर टिकलं म्हणजे झालं असं नाही, कमी लोडवर व्होल्टेज आधीच खाली असतं आणि तिथेच मशीन पडतं. चिप यात जळत नाही, पण सेव्ह न केलेलं काम गेलं तर गेलं. दोन-चार दिवस नीट वापरून बघेपर्यंत विंडोजबरोबर आपोआप लागू होणारं सेटिंग करू नका, म्हणजे हँग झालंच तरी पूर्ण बंद करून चालू केलं की मूळ व्होल्टेज परत.

एएमडीचा रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळीच गंमत आहे. तिथे कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी करायच्या सेटिंगमध्ये फार मायनस गेलात तर मशीन क्रॅश न होता गुपचूप क्लॉक ताणतं, म्हणजे ठोके लांबवून प्रत्यक्षात हळू चालतं, स्क्रीनवर आकडा तोच आणि स्कोअर मात्र पडलेला. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा क्लॉक, बघा, फुल लोडवर तो दाखवलेल्या क्लॉकपेक्षा बराच खाली असेल तर दोन पावलं मागे या.

प्रश्न : थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा ऑप्शन लॉक दिसतोय. काय करू?

उत्तर : हे प्लंडरव्होल्ट नावाच्या हल्ल्याचं देणं. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज पाडून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित भागातली गणितं चुकवता येतात आणि आतली गुपितं काढता येतात, त्यानंतर अपडेट आले आणि बऱ्याच लॅपटॉपवर हा दरवाजाच बंद झाला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ऑप्शन आहे का ते आधी बघा. काही जण जुनं बायोस टाकतात, मी ते सुचवणार नाही. त्यापेक्षा प्रोसेसरची पॉवर लिमिट थोडी खाली आणा, थोडा स्पीड जाईल पण ताप उतरेल, आणि लॅपटॉप दोन-तीन वर्षं उघडलाच नसेल तर फॅनमधली धूळ काढून थर्मल पेस्ट बदला, खरं तर हे काम अंडरव्होल्टच्याही आधी करायचं असतं.