पलटण, रेजिमेंट की तुकडी? एका जुन्या कागदावरच्या लष्करी शब्दांबद्दल

एका ताईंनी विचारलंय. त्या घराण्याचा इतिहास लिहून काढताहेत. आजोबांच्या लष्करातल्या नोकरीच्या कागदावर ‘१/५ एम.एल.आय., सी कंपनी’ असं आहे, आणि एका फोटोच्या पाठीमागे आजोबांच्याच अक्षरात ‘२१ ब्रिगेड, ८ डिव्हिजन, इटली’. ताईंची आई म्हणते, बाबा पलटणीत होते. मामा म्हणतात, मराठा रेजिमेंटमध्ये. ताईंनी स्वतः लिहिलंय ‘मराठा सैन्यतुकडीत’. शिवाय धाकटे चुलत आजोबा त्याच काळात हवाई दलाच्या नंबर १ स्क्वॉड्रनमध्ये फिटर होते. यातलं बरोबर काय? पलटण म्हणजे प्लाटूनच ना? आणि स्क्वॉड्रनला मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुमच्या आईचं आणि मामांचं, दोघांचंही बरोबर आहे, आणि आईचं जास्त नेमकं आहे. खोडायचा असेल तर तुमचा ‘तुकडी’ खोडा.

आधी पलटण. उच्चार जवळचा म्हणून हा शब्द प्लाटूनवरून आला असं वाटतं. कोशकारांमध्येही दोन मतं आहेत. काही जण इंग्रजी-फ्रेंच ‘बटालियन’ पुढे करतात, तर काही जण फ्रेंच ‘पलोतों’, ज्याचं इंग्रजीत ‘प्लाटून’ झालं. तमिळ-मल्याळममधला ‘पट्टाळम’ याच कुळातला. व्युत्पत्तीचा वाद चालू राहो, अर्थाबद्दल मात्र शंका नाही: आपल्याकडच्या फौजेत पलटण म्हणजे बटालियन, आठेकशे माणसांची. पुरावा तुमच्या आजोबांच्याच घरचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आजही ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते आणि दुसरी ‘काली पंचविन’ म्हणून. पस्तीस जणांच्या प्लाटूनला कोणी जंगी पलटण म्हणत नाही. प्लाटूनला मराठीत प्लाटूनच म्हणावं.

आता ‘१/५’. हा अपूर्णांक नाही, तारीखही नाही. ‘पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन’ असं वाचायचं. १९२२ मध्ये जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट बांधली गेली, तेव्हापासून तिरप्या रेघेच्या डावीकडे बटालियनचा आकडा आणि उजवीकडे रेजिमेंटचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर रेजिमेंटच्या नावातला हा पाचाचा आकडा गेला. त्यामुळे नातवंडांना तो कागद कोड्यासारखा वाटतो.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘रेजिमेंट’ या शब्दाने होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ब्रिटिश आणि भारतीय पायदळात रेजिमेंट ही लढायला एकत्र उतरणारी रचना नव्हती आणि आजही नाही. रेजिमेंट म्हणजे घराणं. भरती, प्रशिक्षण, बिल्ला, युद्धघोष, जुन्या लढायांचा मान हे सगळं रेजिमेंटचं. मराठ्यांचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली बटालियनही बेळगावलाच उभी राहिली. पण एका घराण्यातली भावंडं जशी नोकरीनिमित्त वेगवेगळ्या गावी राहतात, तशा एका रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या आघाड्यांवर, वेगवेगळ्या सेनापतींच्या हाताखाली लढत. इटलीत १/५ ही आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ३/५ दहाव्या.

आणि ब्रिगेड म्हणजे एका वाड्यातली बिऱ्हाडं. तुमच्या आजोबांच्या २१व्या ब्रिगेडमध्ये तीन बटालियन होत्या: रॉयल वेस्ट केंट या इंग्रजी रेजिमेंटची पाचवी, पंधराव्या पंजाब रेजिमेंटची तिसरी आणि आपली १/५ मराठा. घराणी तीन, भाषा वेगळ्या, जेवण वेगळं, हुकूम मात्र एका ब्रिगेडियरचा. म्हणून ‘रेजिमेंट मोठी की ब्रिगेड?’ या प्रश्नाला आपल्या फौजेपुरता अर्थच नाही. ‘देशमुख मोठे की दुसरा मजला?’ असं विचारल्यासारखं होतं ते.

अमेरिकन फौजेत मात्र त्या काळी या प्रश्नाला अर्थ होता. तिथे पायदळाची रेजिमेंट म्हणजे तीन बटालियनचा, रणांगणावर एकत्र लढणारा गट, म्हणजे साधारण आपली ब्रिगेड. जर्मन आणि सोव्हिएत फौजेतही तसंच. आणि आपल्याच तोफखान्यात रेजिमेंटचा आणखी तिसरा अर्थ आहे. तिथली त्या काळची फील्ड रेजिमेंट म्हणजे एकच युनिट, २५ पौंडी २४ तोफांचं, आठ-आठ तोफांच्या तीन बॅटऱ्यांचं. शब्द एक, अर्थ तीन. कोणाची फौज आणि कोणतं दल, हे कळल्याशिवाय या शब्दाचं भाषांतर करायला बसू नये.

आता उतरंड खालून वर बघू, म्हणजे आजोबांची जागा सापडेल. सगळ्यात खाली सेक्शन, आठ-दहा जणांचा. त्याचा म्होरक्या नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात ३/५ चे नाईक यशवंत घाडगे अशाच एका सेक्शनचं नेतृत्व करत होते. जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांचा सगळा सेक्शन ठार किंवा जखमी झाला. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले, ठाणं जिंकलं आणि तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेक्शन म्हणजे नेमकी किती माणसं, हे कळायला मला कोणत्याही तक्त्यापेक्षा ही हकीकत जास्त उपयोगी पडली.

आणि हेही बघा: शिवकाळात पायदळात दहाएक माणसांवर नाईक असे. तीनशे वर्षांनी, इंग्रजी अमलाखाली, इटलीच्या डोंगरात नाईकाच्या हाताखाली माणसं जवळपास तितकीच. हवालदाराचं मात्र तसं राहिलं नाही. शिवकाळात पायदळात पन्नासांवर हवालदार, घोडदळात पंचवीस बारगिरांवर. महायुद्धातला हवालदार म्हणजे इंग्रजी सार्जंटच्या जोडीचा. जुन्या कागदात ‘जमादार’ दिसला, तर सफाई खात्यातला किंवा हमालांचा मुकादम समजू नका. प्लाटूनचं नेतृत्व करणारा तो अधिकारी होता. १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात.

तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं. ‘कंपनी’ म्हटलं की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी नाहीतर नाटक कंपनी आठवते. मुळात तो लॅटिन ‘भाकरी’वरून आला, एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी. ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणणाऱ्या भाषेला हे पटायला हरकत नाही. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदी ओलांडताना १/५ चे शिपाई नामदेव जाधव आपल्या कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं, मग एकट्याने परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कंपनी एवढी पसरलेली असे की निरोप पोहोचवायला खास माणूस लागे, आणि तरी एवढी जवळची की एका माणसाच्या आरोळीवर ती उठून पुढे येई. तुमचे आजोबा त्याच पलटणीत होते, ताई. त्या तारखेला ते तिथे होते का, हे नोकरीच्या तारखांवरून जरूर पडताळा.

चार रायफल कंपन्या आणि एक मुख्यालयाची कंपनी मिळून बटालियन, आठेकशे माणसांची, लेफ्टनंट कर्नलच्या हाताखाली. तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. इथे गणित चुकल्यासारखं वाटतं. नऊ बटालियनची माणसं सात-साडेसात हजार, आणि डिव्हिजन तर सतरा हजारांच्या घरातली. उरलेले कोण? तोफखाना, पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे सॅपर, सिग्नलवाले, रसद, वाहनं, दवाखाने. त्यावर कोअर, त्यावर आर्मी. ‘कोअर’ही दुहेरी शब्द आहे. कोहिमाला लढलेली ३३ कोअर ही दोन-तीन डिव्हिजनची रचना, तर सर्व्हिस कोअर हे रसदीचं खातं.

पुन्हा पुन्हा हा तीनचा आकडा का? दोन पुढे, एक मागे राखीव. प्लाटून कमांडरपासून मेजर जनरलपर्यंत सगळ्यांना तोच हिशेब करता येतो. आणि तो आपल्याला नवा नाही. महाभारतातली पत्ती म्हणजे एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार, पाच पायदळ. तिथून तिपटीने सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, आणि शेवटी दहापट करून अक्षौहिणी. ‘वाहिनी’ची बेरीज करून बघा: ८१ रथ, ८१ हत्ती, २४३ घोडे, ४०५ पायदळ, एकूण ८१०. थेट बटालियनच्या आसपास! एवढं जुळलं म्हणून बटालियनला ‘वाहिनी’ म्हणावं असं मी सुचवणार नाही, कारण आज मराठीत वाहिनी म्हणजे टीव्हीचं चॅनेल. तिपटीची शिस्त मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आता ‘तुकडी’बद्दलची माझी तक्रार. शब्द छान आहे, घरगुती आहे. शाळेत ‘अ तुकडी’ म्हणजे डिव्हिजनच. बहुतेक म्हणूनच भाषांतरकार लष्करी डिव्हिजनलाही डोळे मिटून तुकडी करतात. मग सेक्शनही तुकडी, बटालियनही तुकडी, कोअरही तुकडी. एका भाषांतरात मी वाचलं की १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीच्या तीन तुकड्या सोव्हिएत हद्दीत घुसल्या. ते तीन आर्मी ग्रुप होते, जवळपास तीस लाख जर्मन सैनिकांचे. वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र तीन ट्रक उभे राहिले असतील. तुकडी तेव्हाच वापरावी, जेव्हा आकार ठाऊक नाही किंवा महत्त्वाचा नाही: ‘गस्तीची तुकडी परतली नाही.’

मराठीकडे नेमके शब्द नव्हते असं नाही. पथक होतं, पागा होती, रिसाला होता. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेतल्या ब्रिगेडांना ‘कंपू’ म्हणत. पण आज कंपू म्हणजे राजकारणातला गट, पथक म्हणजे ढोल-ताशांचं किंवा पोलिसांचं, आणि पलटणसुद्धा बोलण्यात पोराटोरांची झाली. त्यातला पलटण तेवढा अजून फौजेच्या तोंडी जिवंत आहे. त्याला जपावं.

हवाई दलाकडे वळतो. इथे ‘पलटण’सारखा आपला म्हणावा असा शब्द नाही, म्हणून स्क्वॉड्रनला स्क्वॉड्रनच म्हणा. मूळ इटालियन ‘स्क्वाद्रा’, चौकोनात उभे केलेले सैनिक. घोडदळात, पुढे रणगाडा दलात, स्क्वॉड्रन कंपनीच्या जोडीचा झाला. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनमधून एका वेळी बारा विमानं उडत, ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन फ्लाइटमध्ये वाटलेली. गंमत अशी की जर्मन ‘गेश्वाडर’ही त्याच स्क्वाद्रापासून निघालेला, पण तो शंभराच्या आसपास विमानांचा. जर्मनांकडे इंग्रजी स्क्वॉड्रनच्या तोडीचा शब्द ‘श्टाफेल’. स्क्वॉड्रन आणि गेश्वाडर सख्खी भावंडं, पण एक बारा विमानांचा मालक आणि दुसरा शंभरांचा.

स्क्वॉड्रनच्या वरच्या पायऱ्यांवर तर इंग्रज आणि अमेरिकन एकमेकांच्या उलट. ब्रिटिश हवाई दलात काही स्क्वॉड्रन मिळून विंग, आणि ग्रुप त्याहून मोठा. १९४० मध्ये लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं आकाश ११ नंबरच्या ग्रुपकडे होतं. अमेरिकन हवाई दलात काही स्क्वॉड्रन मिळून ग्रुप, आणि विंग त्याच्या वर. इथे ‘गट’ आणि ‘शाखा’ अशी भाषांतरं केली की दोन्ही फौजा वाचकाच्या डोक्यात उलट्यापालट्या होतात. शिवाय विंग म्हटलं की आपल्याला सोसायटीची बी विंग आठवते, हे वेगळंच.

हुद्द्यांवरूनही अंदाज बांधू नका. मे १९४३ मध्ये जर्मन धरणांवर हल्ला करणाऱ्या ६१७ स्क्वॉड्रनचा गाय गिब्सन हुद्द्याने विंग कमांडर होता, पण त्याच्या हाताखाली विंग नव्हती, एकच स्क्वॉड्रन होता.

तुमच्या चुलत आजोबांचा नंबर १ स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला सुरू झाला, तेव्हा त्याच्याकडे चार वापिती विमानं होती. नाव स्क्वॉड्रन, पण आकार एका फ्लाइटएवढा. १९४२ मध्ये तो लायसँडर विमानं घेऊन ब्रह्मदेशात गेला आणि १९४४ मध्ये स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली इम्फाळला हरिकेन उडवत होता. उडणारे मोजके, बाकी सगळे जमिनीवरचे: इंजिन बघणारे फिटर, सांगाडा बघणारे रिगर, दारूगोळा भरणारे आर्मरर. फिटर ‘स्क्वॉड्रनमध्ये होता’ म्हणणं वैमानिकाइतकंच खरं आहे.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, सी कंपनीत होते. इटलीत ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये लढली. धाकटे आजोबा भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये फिटर होते.’

आणि एक राहिलं. कागदावर आजोबांच्या नावाआधी ‘एल/एनके’ अशी अक्षरं आहेत. ती त्यांच्या नावाची आद्याक्षरं समजून तुम्ही तशीच उतरवलीत. ते ‘लान्स नाईक’ आहे. सेक्शनमध्ये नाईकाच्या खालोखालचा माणूस, आणि सेक्शनची ब्रेन गन, म्हणजे हलकी मशिनगन, सहसा त्याच्या देखरेखीखाली असे.