‘सेमाइटविरोध’ की ‘ज्यूद्वेष’?

प्रश्न असा आला आहे: युरोपीय संघाच्या २०२१ मधील धोरणावरील लेखाचा अनुवाद करताना ‘अँटिसेमिटिझम’ला ‘सेमाइटविरोध’ म्हणावे, ‘ज्यूविरोध’ म्हणावे की ‘ज्यूद्वेष’? आणि ‘हेट स्पीच’ला ‘द्वेषपूर्ण भाषण’ चालेल का?

पहिला पर्याय मी सरळ बाद करतो. ‘सेमिटिक’ हे मुळात भाषाकुळाचे नाव आहे. बायबलमधील नोहाचा मुलगा शेम याच्यावरून श्ल्योत्सर या जर्मन इतिहासकाराने १७८१ मध्ये हिब्रू, अरबी, अरामी या भाषांना ते दिले. ज्यूंविषयीच्या तिरस्काराला जर्मनमध्ये ‘युडेनहास’, म्हणजे शब्दशः ज्यूद्वेष, असा रोखठोक शब्द होताच. मोरित्स श्टाइनश्नायडर या ज्यू विद्वानाने १८६० मध्ये फ्रेंच विद्वान एर्न्स्ट रेनाँ यांच्या ज्यूंविषयीच्या पूर्वग्रहांवर टीका करताना ‘अँटिसेमिटिश’ हे विशेषण योजले, आणि १८७९ मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने बर्लिनमध्ये ‘अँटिसेमिटेन लिगा’ ही ज्यूविरोधी संघटना काढून तोच शब्द बिरुदासारखा मिरवला. जुन्या, धर्माच्या नावाने चालणाऱ्या द्वेषाला आता वंशशास्त्राचा साज चढवायचा होता. ‘सेमाइटविरोध’ लिहिले की आपण नकळत तोच साज मराठीत आणतो. ‘अरबही सेमाइटच, मग ते अँटिसेमिटिक कसे?’ हा निष्फळ वादही त्यातूनच उपजतो.

‘ज्यूविरोध’ही मला पटत नाही, कारण मराठीत विरोध धोरणाला, ठरावाला, धरणाला होतो, त्यामागे काही कारणमीमांसा असावी असे गृहीत धरले जाते. म्हणून ‘ज्यूद्वेष’. मात्र त्यातही एक उणीव आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीने मे २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये स्वीकारलेल्या अँटिसेमिटिझमच्या कार्यकारी व्याख्येत आधी येते ती ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा. द्वेष हे त्या धारणेचे एक संभाव्य रूप. ‘जगातल्या सगळ्या बँका त्यांच्याच हातात, हुशार लोक!’ असे कौतुकाने म्हणणारा द्वेष करत नसेल, पण त्याची धारणा तीच असते. अशा जागी ‘ज्यूंविषयीचा पूर्वग्रह’ लिहावे.

‘ज्यू’ इंग्रजीतून आला, ‘यहुदी’ अरबी-फारसीच्या वाटेने, आणि मराठी बायबलात ‘यहूदी’ आहे. दोन्ही निर्दोष आहेत, एकच शेवटपर्यंत पाळावा. (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाला शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. ती ओळख होती, शिवी नव्हे.)

त्याच लेखातील ‘रेसिझम’ला ‘वर्णद्वेष’ नको, ‘वंशद्वेष’ हवे. वर्ण म्हटले की आपल्याला कातडीचा रंग किंवा चातुर्वर्ण्य आठवते, आणि युरोपात रोमा (तिथला एक अल्पसंख्य समाज) किंवा ज्यूंच्या वाट्याला आलेला द्वेष रंगावरच ठरत नाही.

‘द्वेषपूर्ण भाषण’ सर्वांत फसवे आहे. मराठीत भाषण म्हणजे व्यासपीठ, माइक, श्रोते. सिनॅगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतीवर रात्री रंगवलेले नाझी स्वस्तिक हे भाषण नव्हे, पण ते या संज्ञेत येते. युरोप परिषदेच्या २०२२ च्या शिफारशीत सर्व प्रकारच्या अभिव्यक्तीचा समावेश आहे. म्हणून ‘विद्वेषी अभिव्यक्ती’. जर्मन दंडसंहितेच्या कलम १३० मधील ‘फोल्क्सफेरहेत्सुंग’ मात्र वेगळे ठेवावे: तिथे लोकांना एखाद्या गटाविरुद्ध भडकवणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘चिथावणी’ हा नेमका शब्द तयार आहे.