कौंटी कॅप म्हणजे पदार्पण नव्हे. शिरपाव म्हणा, पण समजून म्हणा

एका वाचकाचा प्रश्न असा: "मुंबईच्या एखाद्या फलंदाजाने 'कौंटी कॅप मिळवली' असे बातमीत येते, तेव्हा त्याचा अर्थ त्याने कौंटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले असाच घ्यायचा ना? याला मराठीत काय म्हणावे?"

नाही, तसा अर्थ घ्यायचा नाही. (कौंटी म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्याचा क्रिकेट संघ.) समालोचनात आणि बातम्यांत हा घोटाळा मी इतक्या वेळा ऐकला आणि वाचला आहे की आता सौम्य शब्दांत सांगणे जमत नाही. गोंधळाचे मूळ उघड आहे. कसोटीत पदार्पणाच्या सकाळी एखादा माजी खेळाडू नवख्याच्या हातात टोपी देतो, टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात. आपल्या डोळ्यांना तेवढेच दृश्य ठाऊक. म्हणून जिथे 'कॅप' दिसेल तिथे 'पहिला सामना' असे आपण परस्पर लिहून टाकतो. अजिंक्य रहाणे 2019 मध्ये हॅम्पशायरकडून पहिला सामना खेळला आणि दुसऱ्या डावात त्याने 119 धावा केल्या. ते पदार्पण होते, त्याला पदार्पणच म्हणायचे. कॅप ही त्यापुढची आणि निराळी पायरी आहे.

फ्रेड ट्रूमन यॉर्कशायरकडून प्रथम खेळला 1949 मध्ये. त्याला कॅप मिळाली 1951 मध्ये. मधल्या काळात तो सामने खेळत होता, बळी घेत होता, पण कौंटीच्या लेखी तो अजून 'अनकॅप्ड'. त्याच कौंटीच्या जेफ बॉयकॉटचे पदार्पण 1962 चे, कॅप 1963 च्या ऑक्टोबरातली, म्हणजे हंगाम संपल्यावरची. लेन हटन 1934 मध्ये खेळू लागला, कॅप 1936. कॅप देणे म्हणजे कौंटीने सांगणे, की बाबा रे, आता तू आमचा. पगार वाढे, ड्रेसिंग रूममधली पत वाढे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बेनिफिटची, म्हणजे खेळाडूच्या नावाने होणाऱ्या खास उत्पन्नाची, वर्षे मोजायला सुरुवात होई. आपल्याकडे नोकरीत 'कायम झाला' म्हणतात, त्याच्या हे बरेच जवळ आहे.

पण 'कायम होणे' या शब्दात मान नाही. आणि इथेच मला जो शब्द सुचवायचा आहे तो येतो: शिरपाव.

'मानाचा शिरपाव' वर्तमानपत्रांनी झिजवून टाकला आहे, हे खरे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापासून गल्लीतल्या करंडकापर्यंत सगळ्यांना शिरपाव मिळतो. म्हणूनच तो कुठून आला ते पाहायला हवे. काही मंडळी सांगतात, आणि छापूनही सांगतात, की शिरावर जे पावले ते शिरपाव; शिर अधिक 'पावणे'. ही व्युत्पत्ती कानाला गोड आणि संपूर्ण चुकीची आहे. फारसीत 'सर' म्हणजे डोके आणि 'पा' म्हणजे पाय. सरापा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. सरदार, सरनोबत, सरदेशमुख यांतला जो सर, तोच हा. पायजमा आणि पापोश यांत जो पाय दडला आहे, तोच हा पाव. सर आणि आपले शिरस्, पा आणि आपला पाद ही मुळातलीच भावंडे असल्यामुळे मराठी तोंडात 'सर'चे 'शिर' अगदी सहज झाले. पंजाबीत हाच शब्द 'सिरोपा' म्हणून गुरुद्वारात रोज वापरला जातो, राजस्थानात 'सिरोपाव' आहे. 'पावणे' हे मराठी क्रियापद अमृतसरला जाऊन बसले असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी म्हणावे. मी म्हणणार नाही. संस्कृताने हाच विचार उलट्या दिशेने केला आहे: नखशिखान्त. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत. एकाने वरून खाली पाहिले, दुसऱ्याने खालून वर, आणि माणूस मात्र पूर्ण झाकला गेला. मला तर हे सुंदर वाटते.

तर शिरपाव म्हणजे टोपी नव्हे, पागोटेही नव्हे. मालकाने चाकरीतल्या माणसाला दिलेला पुरता पोशाख. 'शिरपेच' हा पुन्हा वेगळा, पागोट्यावरचा दागिना. त्यात तुरे खोवणाऱ्यांशी आज भांडत नाही.

आता मराठेशाहीतला प्रयोग पाहा: 'पेशवाईची वस्त्रे मिळणे'. शाहू महाराजांनी 1720 मध्ये बाजीरावाला वस्त्रे दिली. त्या दिवशी काय बाजीराव प्रथमच घोड्यावर बसला? तो त्याआधी वडिलांबरोबर दिल्लीपर्यंत जाऊन आला होता. वस्त्रे म्हणजे पदार्पण नव्हे. पारखून घेतलेल्या माणसाला धन्याने जाहीरपणे आपला म्हणणे, ती वस्त्रे. ट्रूमनची 1949 ते 1951 ही दोन वर्षे हीच पारख होती.

माझे म्हणणे असे, आणि ते मी गेली कित्येक वर्षे मांडत आलो आहे, की कौंटी कॅपकडे खेळातले बक्षीस म्हणून पाहणेच चूक आहे. ती चाकरीची वस्त्रे आहेत. यॉर्कशायरचा लॉर्ड हॉक आठवा. 1883 ते 1910 हा कर्णधार. स्वतः हौशी, हाताखाली खाणींच्या आणि गिरण्यांच्या मुलखातली पगारी माणसे. हिवाळ्यात क्रिकेट नसे तेव्हाही आपल्या व्यावसायिकांना आठवड्याला दोन पौंड त्याने सुरू करवले. बेनिफिटच्या पैशातला दोन तृतीयांश भाग कौंटीच्या ताब्यात गुंतवून ठेवायचा आणि निवृत्तीनंतर द्यायचा, हीही त्याचीच पद्धत. पोशिंदा धनी आणि त्याची माणसे, असे ते नाते होते. हौशी आणि पगारी हा भेद धावफलकावरही पाळत: हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारीची नंतर. 1950 मध्ये लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूच्या नावात छापताना उलटापालट झाली, तर ध्वनिक्षेपकावरून रीतसर दुरुस्ती जाहीर केली गेली. हा भेद 1963 च्या हंगामापासून गेला. अशा व्यवस्थेत दिलेल्या टोपीला 'पुरस्कार' म्हणणाऱ्या कोशकारांनी इंग्लंडचा सामाजिक इतिहास बाजूला ठेवून नुसते कापड पाहिले आहे.

आणि शिरपावाचा दुसरा अर्धा अर्थ, म्हणजे पगाराबाहेरची कृपा, तो बेनिफिटमध्ये सापडतो. कॅपनंतर साधारण दहा वर्षे इमानाने काढली की कौंटी एक हंगाम त्या खेळाडूच्या नावाने देई. एका सामन्याचे उत्पन्न आणि वर्गण्या त्याच्या. ट्रूमनची कॅप 1951, बेनिफिट 1962. बॉयकॉटची कॅप 1963, बेनिफिट 1974. पदार्पणापासून मोजाल तर हिशेब चुकेल, म्हणूनच मी त्या बातमीदारांवर इतका चिडतो. जॉर्ज हर्स्टला 1904 मध्ये 3,703 पौंड मिळाले. त्या काळच्या पगारी खेळाडूला आयुष्य बदलणारी रक्कम. रॉय किल्नरला 1925 मध्ये 4,106. पण कृपा ही कृपाच, तिचा भरवसा नाही. मिडलसेक्सच्या अल्बर्ट ट्रॉटने 1907 मध्ये लॉर्ड्सवर स्वतःच्याच बेनिफिटच्या सामन्यात सॉमरसेटचे चार चेंडूंत चार बळी घेतले, त्याच डावात पुन्हा हॅट-ट्रिक केली, आणि सामना लवकर संपून प्रवेशशुल्काचे पैसे बुडाले. सॉमरसेटचा बर्टी ब्यूझ तर त्याहून दुर्दैवी. 1953 च्या जूनमध्ये बाथला त्याच्या बेनिफिटचा लँकशायरविरुद्धचा तीन दिवसांचा सामना पहिल्याच दिवशी संपला. खेळपट्टी नव्याने घातलेली आणि कच्ची. रॉय टॅटरसॉलने 13 बळी घेतले. ब्यूझने स्वतः 6 घेतले. 1929 पासून ज्या कौंटीसाठी खपला, तिथला त्याचा दिवस असा गेला. हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

केंटच्या जेम्स सीमोरच्या खटल्याने तर माझ्या बाजूने निकालच दिला आहे. 1920 मध्ये कँटरबरीला त्याचा बेनिफिट सामना झाला. करखात्याने त्या पैशावर प्राप्तिकर मागितला. वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे त्या काळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि 1927 मध्ये ठरले, की हा चाकरीचा मोबदला नव्हे, व्यक्तीला दिलेली भेट आहे, कर नाही. पुढे ब्रूस डूलंडच्या खटल्यात उलटे झाले, कारण लीग क्लबशी झालेल्या त्याच्या करारातच वर्गणी गोळा करण्याचे कलम होते. करारात लिहिले की ती मजुरी. न लिहिता धन्याने दिले की शिरपाव. आपल्या जुन्या दफ्तरांत तनखा आणि शिरपाव वेगळे का लिहीत, ते एवढ्यावरून कळावे.

तेव्हा लिहिताना: पहिला सामना खेळला तर 'पदार्पण'. कॅप मिळाली तर 'कौंटीने कॅप दिली' असे सरळ लिहा, किंवा जरा थाटात लिहायचे असेल तर 'कौंटीने शिरपाव दिला'. 'टोपी दिली' किंवा 'टोपी घातली' मात्र नको. मराठीत टोपी घालणारा फसवतो.

अपवाद सांगायलाच हवेत. ग्लॉस्टरशायर 2004 पासून प्रथमश्रेणी पदार्पणालाच कॅप देते, त्यामुळे तिथे वाचकाने विचारलेला अर्थ बरोबर ठरेल. मला ही पद्धत पसंत नाही, पारखच उरली नाही. वूस्टरशायरने 2002 पासून कॅप देणेच थांबवले. तिथे खेळाडूला कौंटीचे 'कलर्स' मिळतात. श्रीरामपूरचा झहीर खान 2006 मध्ये वूस्टरशायरकडून खेळला आणि चॅम्पियनशिपमध्ये त्याने 78 बळी घेतले. त्याच्या त्या हंगामाबद्दल लिहिताना 'कौंटी कॅप' हा शब्द वापरताच येत नाही, कितीही मोह झाला तरी.