ओट्यावर काय ठेवू? गॅस, इंडक्शन की इलेक्ट्रिक शेगडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, आम्ही गोविंदनगरला नवीन फ्लॅट घेतलाय, पुढच्या महिन्यात राहायला जाणार. आम्ही दोघं नोकरी करतो, दोन मुलं आणि सासूबाई. फर्निचरवाला म्हणतोय ओट्यात इंडक्शनच बसवून टाका, गॅसचं झंझट कशाला. सासूबाई विचारतात भाकरी कशावर भाजणार. आणि मिस्टरांचं म्हणणं लाइट बिल डबल येईल. पाइपचा गॅस आमच्या बिल्डिंगमध्ये अजून आलेला नाही. नक्की काय करू? (एक वाचक, गोविंदनगर, नाशिक)

उत्तर: ताई, आधी फर्निचरवाल्याला थांबवा. ग्रॅनाइट एकदा कापला की ते भोक त्या एका मॉडेलच्या मापाचं होतं, उद्या शेगडी बिघडली आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं तर पुन्हा ओट्याचंच काम काढावं लागतं. माझं मत विचाराल तर दोन बर्नरचा गॅस ठेवा आणि शेजारी एक सुटं इंडक्शन ठेवा. पाच माणसांच्या घरात यापेक्षा सोयीचं मला तरी काही दिसत नाही, आणि हे मी मधला मार्ग म्हणून सांगत नाहीये, दोघांची कामंच वेगळी आहेत म्हणून सांगतेय.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यामुळे भांड्याच्या बुडातच उष्णता तयार होते, काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून साधारण ८५ टक्के उष्णता पदार्थाला मिळते. गॅसच्या शेगडीला आयएसआयच्या चाचणीत ६८ टक्के लागतात पण घरी बुडाबाहेर ज्वाळा येते, बर्नरची भोकं बुजलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच धरा. बाकीची उष्णता कुठे जाते? तुमच्या अंगावर. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गॅसपुढे उभं राहून पोळ्या करायच्या आणि ज्वाळा फडफडते म्हणून पंखाही लावता येत नाही, हे ज्या बाया रोज करतात त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. इंडक्शनवर डाळ-भाताचा कुकर, दूध, चहा, भाजी उकडणं होत असताना डोक्यावर पंखा चालू ठेवता येतो. मला हा फायदा बिलापेक्षा मोठा वाटतो.

आता सासूबाईंचा प्रश्न, आणि तो अगदी बरोबर आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर फुगवायची असते, वांगं भरितासाठी भाजायचं असतं, पापड भाजायचा असतो. जाळच नाही म्हटल्यावर यातलं काही इंडक्शनवर होत नाही. पोळ्यांचंही बघून घ्या. स्वस्त इंडक्शनची कॉइल तव्यापेक्षा लहान असते, त्यामुळे पोळी मधे लाल होते आणि कडा कच्च्या राहतात. घरी आणल्यावर तव्यावर चमचाभर कोरडी कणीक पातळ पसरून मध्यम आचेवर ठेवा, कणीक जिथे तपकिरी होईल तेवढीच तुमची खरी आच. बऱ्याचदा तिथे गोल कडं उमटतं आणि बाहेरची कणीक पांढरीच राहते. असं असेल तर पोळ्या गॅसवरच करा. बासुंदी आणि पाकालाही गॅसच बरा कारण कमी आचेवर बरीच इंडक्शन चालू-बंद, चालू-बंद करत राहतात, चालू झालं की एकदम जोरात तापतं आणि दूध बुडाला धरतं.

बिलाचं गणित मात्र मिस्टरांना स्वतः करायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे. १४.२ किलोच्या सिलेंडरमधून साधारण १८० युनिटएवढी उष्णता निघते, दोघांची कार्यक्षमता धरली तर एक सिलेंडर म्हणजे इंडक्शनचे अंदाजे १२५ ते १४५ युनिट. मधला १३५ धरू. सिलेंडर समजा ९०० रुपयांना पडला तर भागिले १३५, म्हणजे युनिटला साडेसहा-पावणेसात रुपये. वीज याहून स्वस्त पडली तर इंडक्शन स्वस्त, महाग पडली तर गॅस स्वस्त. फक्त इथे सरासरी दर धरू नका. महावितरणचे टप्पे १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५०० असे आहेत आणि इंडक्शनचे युनिट तुमच्या पंखा-फ्रिज-टीव्हीच्या वर चढतात, म्हणजे त्यांना सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो, शिवाय वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क. १०० च्या पुढचं युनिट गॅसपेक्षा महाग पडतं हे बिल हातात घेतलं की लगेच दिसेल. तुमचा सिलेंडर दीड महिना जात असेल आणि अर्धा स्वयंपाक इंडक्शनवर नेलात तर महिन्याला ४५ एक युनिट वाढतील. तेव्हा डबल बिल येणार नाही पण बचतही होणार नाही. सोलर असेल तर गणितच बदलतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, सोसायटीत गच्चीचा विषय निघाला तर जरूर बोला.

आणि आत्ता वायरमन घरात आहे तोवर ओट्याजवळ १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या, वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. नंतर टाइल्स फोडायला कोणाला आवडत नाही.

भांड्यांसाठी लोहचुंबक घेऊन भांडी बाजारात जा. बुडाला घट्ट चिकटलं तर घ्या, हलकं चिकटून घसरलं तर ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो. बिडाचा तवा चालतो, इंडक्शन बेसचा कुकर चालतो. साधा अॅल्युमिनिअमचा कुकर, तांब्याचा टोप, पितळी पातेलं चालत नाही, गोल बुडाची कढईही नाही.

पाइपचा गॅस येईल तेव्हा शेगडी बदलावी लागत नाही, नोझल (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलावे लागतात कारण त्याचं प्रेशर आणि ताकद वेगळी असते. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न: माझी आई नाशिकरोडला एकटी राहते, वय ७८, मी पुण्यात. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा भाजी जळून घरभर धूर झाला. गॅस काढून इलेक्ट्रिक शेगडी घेऊन द्यावी म्हणतोय, ती कुठल्याही भांड्यावर चालते म्हणे. आईला पेसमेकर आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर: दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण इलेक्ट्रिक शेगडी, मग ती लाल होणाऱ्या कॉइलची असो की इन्फ्रारेड, आईंना देऊ नका. कुठलंही भांडं चालतं हे खरं, पण बंद केल्यावरही तिचा वरचा भाग बराच वेळ तापलेला राहतो आणि लाली गेली की तो गार दिसतो. ओटा पुसायला हात गेला की भाजलंच. शिवाय भांडं उचललं तरी ती तापतच राहते. विसरणाऱ्या माणसाला याचा काही उपयोग नाही.

इंडक्शनमध्ये भांडं उचललं की तापणं थांबतं, टायमर असतो. टच पॅनलचं घेऊ नका, वयस्कर माणसांची बोटं कोरडी असतात आणि ते पॅनल दाद देत नाही, मग वैतागून ती वस्तू कपाटात जाते. दाबायची बटणं किंवा गोल फिरवायचा नॉब असलेलं बघा. पेसमेकरचं मात्र आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. सर्वसाधारण सूचना अशी की चालू इंडक्शनपासून पेसमेकर किमान ६० सेंटीमीटर लांब हवा, म्हणजे दोन फूट. ओट्याशी उभं राहून वाकून ढवळणाऱ्या बाईला दोन फूट पाळणं फार अवघड. डॉक्टर नको म्हणाले तर इंडक्शनचा नाद सोडा आणि भातासाठी आपोआप बंद होणारा इलेक्ट्रिक राइस कुकर आणि चहासाठी इलेक्ट्रिक किटली द्या, आईंचं रोजचं निम्मं काम त्यात होतं. उरलेल्यासाठी ज्वाळा विझली की गॅसचा पुरवठा तोडणारी शेगडी मिळते, ती घ्या. पण ज्वाळा चालू असताना भाजी जळत असेल तर ती काही करत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि एक काम या महिन्यातच करा. उतारवयात वास कमी येतो, गॅसला मुद्दाम घातलेला वाससुद्धा. म्हणून गळतीचा अलार्म बसवा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, तेव्हा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. (पाइपचा गॅस हलका, त्याचा अलार्म छताजवळ.) नळीवर छापलेली तारीख बघा, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच. शेजारच्यांना सांगून ठेवा की वास आला तर लाइटचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

प्रश्न: आम्ही तीन मित्र गंगापूर रोडला रूम करून राहतो. इंडक्शन एक्स्टेन्शन बोर्डवर लावतो, प्लग खूप गरम होतो आणि जळका वास येतो. नॉर्मल आहे का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: अजिबात नाही, आजपासून तसं लावणं बंद करा. २००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं आणि तुमचा बोर्ड बहुतेक ६ अँपिअरचा आहे, जळका वास प्लास्टिकचा येतोय. घरमालकांना सांगून १६ अँपिअरचा पॉइंट करून घ्या, तिघांत खर्च फार येत नाही. तो होईपर्यंत, बोर्ड काळा पडलेला नसेल तर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा आणि १००० वॉटच्या वर नेऊ नका, कुकरला वेळ लागेल, लागू दे. वास तिथेही आला तर बंद. शेगडीखाली पेपर पसरू नका, पंख्याची जाळी खालीच असते, ती झाकली की आतलं सर्किट तापतं. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि स्वयंपाक झाल्या झाल्या भिंतीवरचं बटण बंद करू नका, आतला पंखा थांबेपर्यंत थांबा.

गॅस घ्यायचा विचार असेल तर दुकानात मोठ्या सिलेंडरमधून भरून देतात ती छोटी टाकी नको. कंपनीचा ५ किलोचा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, रहिवासी पुरावा लागत नाही. घरमालकांची परवानगी तेवढी घ्या.