आधी नोंदणी, मग बोलणी

प्रिय पोरी,

चीनमधल्या निंगबोचा साचेवाला सभ्य आहे, भाव बरा देतोय, आता तो तुझ्या बी पेरायच्या टोकण यंत्राच्या चकतीचं ड्रॉइंग आणि एक चालू नमुना मागतोय, पाठवू का, असं तू विचारलंस. नको पाठवू. माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, माय. त्याच्याकडचा डिझायनर उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला की तुझी फाइलही तिकडे गेली. आधी नोंदणी, मग बोलणी.

"भारतात पेटंट टाकतेच आहे," हे वाचून मी कपाळाला हात लावला. सातबारा तुझ्या नावावर आहे म्हणून शेजारच्या तालुक्यातलं रान तुझं होतं का? भारताचं पेटंट भारताच्या हद्दीपुरतं. बाहेर कामाला येते ती फक्त त्याची तारीख. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची) असेल तर तात्पुरत्या अर्जाचं ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये आहे. त्या तारखेपासून 12 महिन्यांत इथला पूर्ण तपशील द्यायचा, आणि त्याच 12 महिन्यांत बाहेरच्या देशांत किंवा पीसीटीखाली, म्हणजे अनेक देशांसाठी एकच पेटंट अर्ज घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, अर्ज करायचा. पीसीटी केलं की चीनमध्ये प्रत्यक्ष दाखल व्हायला पहिल्या तारखेपासून 30 महिने मिळतात. खर्चाचा मोठा भाग तेवढा पुढे जातो, आणि ऑर्डरींचा अंदाजही तोवर येतो.

पण तात्पुरता अर्ज म्हणजे दीड पानाचं मोघम वर्णन नव्हे. चकतीच्या खाचेचा कोन, ब्रश आणि चकतीमधली फट, सोयाबीनचे दोन दाणे एकदम का पडत नाहीत, हे सगळं त्यात आलं पाहिजे. जे लिहिलं नाही त्याला ती तारीख लागत नाही. स्वस्तात अर्ज टाकून देणारे पुष्कळ भेटतील. पुढे त्यांचाच अर्ज तुझ्या विरोधात वाचला जातो.

चीनमध्ये युटिलिटी मॉडेल नावाचा हक्क मिळतो. मुदत 10 वर्षं, आणि पेटंटसारखी सखोल तपासणी होत नसल्याने हातात लवकर येतो. आपल्याकडे हा प्रकारच नाही. चकतीसारख्या यांत्रिक सुधारणेला तो नेमका बसतो. मात्र घाईने चिनी एजंटाकडून आधी तिथे अर्ज टाकू नकोस. पेटंट कायद्याच्या कलम 39 प्रमाणे इथे राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म 25 भरून परवानगी घ्यायची. हे चुकलं तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, वर शिक्षेची तरतूद आहेच.

परभणीच्या खरीप मेळाव्यात यंत्र मांडायचा बेतही अर्ज होईपर्यंत थांबव. उघड दाखवलेली वस्तू कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. प्रदर्शनाची सवलत इथे केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांनाच आहे. बांधावर काढलेला रीलसुद्धा प्रसिद्धीच. आधी नोंदणी, मग बोलणी, मग रील.

नावाचं, म्हणजे ट्रेडमार्कचं, तर तू काहीच लिहिलं नाहीस. चीनमध्ये जो आधी अर्ज करील त्याचं नाव. अ‍ॅपलसारख्या कंपनीला 2012 मध्ये तिथे आयपॅड या नावासाठी 6 कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. हाताने चालवायचं टोकण यंत्र ट्रेडमार्कच्या वर्ग 8 मध्ये येतं, ट्रॅक्टरचं वर्ग 7 मध्ये. दोन्हींत अर्ज कर. चीनमध्ये वर्गाच्या आत उपवर्ग असतात, तेही तपासून घे. चिनी लिपीतलं नाव स्वतः ठरवून नोंदव, नाहीतर वितरक ठरवील आणि स्वतःच्या नावावर करील. "मी तिथे विकतच नाही, फक्त बनवून घेते," असं म्हणू नकोस. तुझं नाव दुसऱ्याने नोंदवून तिथल्या कस्टम्सकडे दाखल केलं, तर तुझाच कंटेनर बंदरात अडकू शकतो. एकाच अर्जात अनेक देशांत नाव नोंदवायच्या माद्रिद पद्धतीत भारत 2013 पासून आहे, पण त्या नोंदणीची पहिली पाच वर्षं इथल्या मूळ नोंदणीवर टांगलेली असतात. तुझ्यासारखीने थेट चिनी एजंटामार्फत अर्ज करावा, असं माझं मत.

आता करार. इंटरनेटवरून उतरवलेला इंग्रजी गोपनीयता करार फाडून टाक. संभाजीनगरच्या कोर्टाचा हुकूमनामा निंगबोत चालत नाही. करार चिनी भाषेत, चिनी कायद्याखाली, त्याच्या गावच्या कोर्टाचा हवा. माहिती फोडायची नाही, स्वतः वापरायची नाही, तुला वगळून तुझ्या गिऱ्हाइकाला विकायचं नाही, ही तिन्ही बंधनं आणि मोडल्यास ठरलेली रक्कम त्यात हवी. परवान्यावरचं चिनी नाव, अंक-अक्षरं मिळून 18 खुणांचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीचा शिक्का जुळवून घे. सहीपेक्षा तिथे शिक्क्याला वजन. साचा कोणाच्या मालकीचा आणि परत कधी, हेही त्यातच लिही, आणि साच्यावर तुझं नाव कोरून घे.

मला वाळूजमध्ये कटकट्या म्हणतात. म्हणू देत. माल अडकला की फोन मलाच करतात.

आणि सगळे कागद झाले तरी चकतीपलीकडे काही द्यायचं नाही. ब्रश आणि खोका इथेच बनव, जोडणी इथेच कर. फट किती ठेवायची ते त्याला द्यायच्या ड्रॉइंगवर लिहायचंच नाही. प्रत्येक पुरवठादाराच्या फाइलला वेगळी खूण ठेव, म्हणजे फुटली तर कुठून फुटली ते कळेल.

सोमवारी पेटंट एजंटाकडे जाताना उद्यमचं प्रमाणपत्र, सगळी स्केचेस आणि आजवर यंत्र कोणाकोणाला दाखवलं त्यांची तारखेसह यादी ने. त्या यादीत मामांनाही धर.

तुझा,
काका