काळ्या मातीवरचं खुराडं: आधी जमीन, मग गादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरजवळ राऊच्या पुढे प्लॉट, दहा बाय आठ फुटांचं खुराडं, डझनभर कडकनाथ कोंबड्या. जमीन मातीचीच ठेवून सारवावी की घराच्या कामातून उरलेली कोटा फरशी घालावी? आणि वर गादी म्हणून पेंढा, भुसा की वाळू? जागा ऐसपैस आहे, हे फार चांगलं. कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट पुरतात, तुमच्याकडे सहाच्या वर आहेत.

अंथरुणाआधी जमिनीचं बोलू. माळव्यात अंथरूण खराब होतं ते बरेचदा खालून. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते. सारवलेली जमीन मे महिन्यात छान दिसते, पण जुलैत ओल वर चढते. कोंबड्या उकरून पोपडे काढतात आणि घुशीला तर मऊ जमीन म्हणजे आमंत्रणच. सारवण मला आवडतं, पण ते अंगणात.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतलं तर तेही तडकतं. म्हणून फूट-दीड फूट काळी माती काढून टाका. तिथे मुरूम थराथराने भरून, पाणी मारून कुटून घ्या आणि भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान फूटभर वर आणा. त्यावर जाड प्लास्टिक आणि मग तीन इंच काँक्रीट. दाराकडे उतार ठेवा, फुटाला पाव इंच. मिस्त्री सवयीने वरून घोटाई करून गुळगुळीत करेल, त्याला थांबवा. लाकडी थापीने खरखरीत सोडायचं. कोटा घालायचाच तर पॉलिश नसलेला घाला. गुळगुळीत दगडावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि मग सरळ होणं कठीण जातं. त्याच कारणाने पहिले काही दिवस नुसता वर्तमानपत्राचा कागदही नको, धुतलेलं गोणपाट बरं.

जाळीच्या जमिनीचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. विष्ठा खाली पडते हे खरं, पण तारेवर सतत उभं राहून तळव्यांना जखमा होतात, त्यातून फोड येतात आणि कोंबडीचं उकरणं बंद होतं. कडकनाथसारख्या चपळ पक्ष्याला तर ती शिक्षाच. जाळी बाजूंना लावा, अर्ध्या इंचाची वेल्डेड. षटकोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही.

आता गादी. साळीचं तूस उत्तम: हलकं, कोरडं, लवकर गोळा होत नाही. पण माळवा भाताचा मुलूख नाही, ते बाहेरून येतं. इंदुरात सोपं म्हणजे रंधा मारताना निघणारे लाकडाचे छिलके, ते आरा मशीनवर किंवा सुताराकडे पोत्याने मिळतात. छिलकेच घ्या, बारीक पावडर नको. तिची धूळ फुप्फुसात जाते आणि पिल्लं ती दाणा समजून खातात. आणि विचारून घ्या: हल्ली बरंच फर्निचर एमडीएफ आणि प्लाय अशा डिंकाने चिकटवलेल्या फळ्यांचं होतं, त्याचा डिंकमिश्रित भुगा फुकट मिळाला तरी नको.

गव्हाचा भुसा चालतो, पण गुरांचा चारा म्हणून त्याला भाव असतो. सोयाबीनचं कुटार स्वस्त असतं. मात्र त्याचे देठ टोचतात आणि पाणी नीट शोषत नाहीत. कुठलंही काड घ्या, हुंगून घ्या. बुरशीचा वास आला तर परत. त्या बुरशीने पिल्लांना श्वासाचा रोग होतो. वाळू वाईट नाही, विष्ठा चाळून काढता येते. पण ती मे महिन्यात तापते, जानेवारीत गारठते आणि नर्मदेची वाळू आता कोंबड्यांसाठी टाकण्याच्या भावाची राहिलेली नाही.

पिल्लांना दोन-तीन इंच गादी, मोठ्यांना थंडीत पाच-सहा. जाड गादीत खालचा थर हळूहळू कुजतो आणि थोडी ऊब देतो. उन्हाळ्यात ती दोन-तीन इंचांवर आणा. रोज दाणा थोडा गादीवरच फेकला की कोंबड्याच ती खालीवर करतात. परीक्षा सोपी: मूठभर गादी घट्ट दाबा. लाडवासारखा गोळा राहिला तर ओली, मुठीत काहीच चिकटलं नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. किंचित चिकटून सुटली की ठीक. नाकाची परीक्षा उभ्याने करू नका. खाली उकिडवं बसा, कोंबडीचं नाक तिथे असतं. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय.

अमोनियावर लोक चुना भुरभुरतात. चुन्याने गादी वरून कोरडी दिसते, पण तिची आम्लता कमी झाली की अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना लावा तो गादी काढल्यावर, रिकाम्या फरशीवर, कोंबड्या बाहेर असताना. एरवी ओला भाग उचलून फेकणे आणि वरची हवा मोकळी ठेवणे, हाच इलाज. पावसात पडदे बांधताना वरची फूटभर जागा उघडी राहू द्या. छप्पर जाळीबाहेर तीन फूट हवं.

सगळ्यात जास्त ओल पावसाने नाही, पाण्याच्या भांड्याने होते. भांडं विटांवर, जाळी ठोकलेल्या चौकटीत, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि खाली तसराळं, सांडलेलं त्यात पडेल. दुसरी जागा बसायच्या दांड्याखालची. रात्रभराची विष्ठा तिथेच साठते, म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवून सकाळी उचला. एवढ्या दोन गोष्टींनी गादी कितीतरी जास्त टिकते. ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू पिकतात. विष्ठेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. तुम्हाला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, नमुना घेऊन तिथे जा.

जुनी गादी मेअखेरीस, पावसाआधी पूर्ण काढा. थेट झाडांना घातली तर मुळं जळतात. वाळल्या पानांबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवा आणि खड्डा झाकून ठेवा. स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराजवळ राहतो आपण, शेजारी वासाची तक्रार करायला वेळ लावत नाहीत.