वडिलांची विलीज: सात लाख घालून सजवायची, की आहे तशी विकायची?

प्रश्न: मी ६३ वर्षांचा, बडोद्याला कारेलीबागेत राहतो. पेन्शन महिना ३२ हजार. २०२३ साली सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमच्या एका खात्यात १५ लाख ठेवले आहेत, बँकेत आणखी ४ लाख आहेत. वडील लष्कराच्या ईएमई स्कूलमध्ये मेकॅनिक होते. १९६९ मध्ये त्यांनी लष्कराच्या लिलावातून १९४३ ची विलीज जीप घेतली आणि त्याच वर्षी पासिंग करून घेतलं. १९८६ मध्ये तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. जुनं इंजिन गॅरेजात ताडपत्रीखाली आहे. २००९ पासून गाडी उभीच आहे. २०२४ च्या पुरात अर्ध्या चाकापर्यंत पाणी आलं होतं. वडील चार वर्षांपूर्वी वारले, मृत्युपत्र नाही, आरसी बुक त्यांच्याच नावावर आहे. घरी ८५ वर्षांची आई, पुण्याला बहीण. अहमदाबादचे एक गृहस्थ आहे तशी जीप साडेसहा लाखांना मागतात: चार लाख चेकने, अडीच लाख रोख. इथला गॅरेजवाला म्हणतो, सात लाख घाला, दोन वर्षांत नवी बॉडी, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, मिलिटरी ग्रीन रंग करून देतो, पंधरा लाख सहज येतील. स्कीम मोडून पैसे घालू का? जुन्या इंजिनाचे भंगारवाला ९ हजार देतोय, ते देऊन टाकू का?

उत्तर: स्कीम मोडू नका, अडीच लाख रोख घेऊ नका, आणि ते इंजिन काहीही झालं तरी भंगारात देऊ नका. जीप विकावी असंच माझं मत आहे, पण आज नाही आणि या भावात नाही. आधी घरातली एक गोष्ट मार्गी लावावी लागेल, कारण तुमच्या सगळ्या हिशेबात तीच राहून गेली आहे.

जीप तुमची एकट्याची नाही. मृत्युपत्र नसताना हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ती आई, तुमची बहीण आणि तुम्ही अशा तिघांची आहे, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा. ती इतकी वर्षं तुमच्या गॅरेजात आहे, तुम्हीच तिची काळजी घेतलीत, तरी हिस्सा तेवढाच राहतो. म्हणजे साडेसहा लाखांतले तुमचे साधारण २ लाख १७ हजार. आणि गॅरेजवाल्याचं ऐकलंत तर तुम्ही स्वतःच्या म्हातारपणाच्या ठेवीतले ७ लाख अशा वस्तूत घालणार, जिच्यातला एक तृतीयांश भागच तुमचा आहे.

घरात एकोपा आहे आणि आई-ताई म्हणाल्या, "तुझे सात लाख आधी काढून घे, मग वाटणी करू," असं धरून चालू. पंधरा लाखांतून सात वजा जाऊन आठ राहिले, त्यातला तुमचा तिसरा हिस्सा २ लाख ६७ हजार. आज विकली तर २ लाख १७ हजार मिळतात. दोन वर्षं गॅरेजच्या फेऱ्या मारून तुमच्या पदरात जास्तीचे पडले ५० हजार. आता दुसरी बाजू बघा. सात लाखांवर स्कीमच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ५७,४०० व्याज येतं, दोन वर्षांचं झालं १ लाख १४ हजार ८००. शिवाय या स्कीममधून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान बंद केलंत तर ठेवीच्या एक टक्का कपात होते, तुमच्या बाबतीत १५ हजार. ५० हजार कमवायला १ लाख ३० हजार घालवायचे, असा हा व्यवहार आहे. आणि जुन्या गाडीचं काम अंदाजात बसलं असं क्वचित घडतं. खर्च सातचा साडेआठ झाला तर तिघांत वाटायला बरोबर साडेसहा लाखच उरतात, म्हणजे जे आज मिळताहेत तेच.

हे सगळं पंधरा लाख येतील असं धरून. ते येतील असं मला वाटत नाही. कारण गॅरेजवाल्याने सांगितलेलं प्रत्येक काम या गाडीची किंमत खाली आणणारं आहे.

लष्करी जीप हौसेने घेणारा माणूस तिच्यातलं मूळ किती शिल्लक आहे ते पाहतो. नवी बॉडी बसली की १९४३ चा पत्रा गेला. पॉवर स्टिअरिंगसाठी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, कापाकापी होते, ती पुन्हा भरून निघत नाही. मूळचे टायर ६.०० बाय १६ चे अरुंद होते, रुंद टायरांनी गाडीचा सगळा घाट बिघडतो. रंगाचं तर कायद्यातच आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याची सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे तोच लष्करी हिरवा, रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगासाठी पैसे मोजायचे, तोच रस्त्यावर आणि पासिंगला आडवा येणार. या कामांनी गाडी लग्नाच्या वरातीला छान दिसेल. जाणकार गिऱ्हाईक मात्र बॉनेट उघडून पाहील आणि परत जाईल.

आता गाडी नक्की कोणती, ते ठरवा. आपल्याकडे महिंद्राने १९४७ पासून विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या आणि नंतर वर्षानुवर्षं त्याच जातीच्या गाड्या बनवल्या, त्यामुळे घरोघरी "महायुद्धातली विलीज" म्हणून सांगितली जाणारी गाडी पुष्कळदा नंतरची निघते. तुमची लष्कराच्या लिलावातली आहे, हे चांगलंच आहे, पण विकत घेणारा स्वतः खात्री करणारच, म्हणून आधी तुम्ही करा. रेडिएटरसमोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी मॉडेलला सात. पुढचा दिवा आतून खिटी सैल करून उलटा फिरवता येतो का बघा. रात्री इंजिनावर उजेड पाडायला तशी सोय होती, आणि ती लष्करी गाडीची खूण आहे. मग खाली वाकून रेडिएटरच्या खालची आडवी दांडी पाहा. गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी पन्हळीसारखी असेल तर तीच जीप फोर्डने बनवलेली. फोर्ड आपल्या नटबोल्टांवरसुद्धा इंग्रजी एफ अक्षर ठोकत असे. फोर्ड निघाली तर मन खट्टू करू नका, तिलाही मागणी आहे. फक्त आरसी बुकात विलीज आणि गाडी फोर्ड असा घोळ असेल तर तो विक्रीआधी समजलेला बरा.

ताडपत्रीखालचं इंजिन म्हणजे या जीपचा अर्धा जीव. २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं ते पेट्रोल इंजिन मूळ असेल, नंबर वाचता येत असेल आणि जुन्या कागदांशी जुळत असेल, तर भंगारवाल्याचे ९ हजार हा त्याचा भावच नव्हे. आजच नंबराचे स्वच्छ फोटो काढा. प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडा, भोकं बंद करा, आणि इंजिन जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. १९८६ च्या बदलाची नोंद आरसी बुकात आहे का तेही बघा. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. नोंद नसेल तर आज बुकात पेट्रोल इंजिनाचाच नंबर असणार, आणि ते परत बसवलं की गाडी आणि कागद आपोआप जुळतील. नोंद असेल तर उलट बदलासाठी रीतसर अर्ज करावा लागेल.

हे इतकं सांगतोय ते व्हिंटेजच्या नोंदणीसाठी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमची नोंदणी १९६९ ची, वयाचा प्रश्न नाही. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढची नोंदणी ५ हजारांत. ही नोंद असलेली गाडी विकताही येते, दोन्ही बाजूंनी आपापल्या आरटीओला कळवायचं असतं. बंधन वापरावर आहे: प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या मोटारींचा मेळा भरला होता, तो तुम्ही पाहिला असेलच. तशा ठिकाणी येणारी माणसं तुमची खरी गिऱ्हाइकं, आणि त्यांना कागद स्वच्छ लागतात. नव्या बॉडीचा हट्ट केलात तर या दारालाच कुलूप लागेल.

कराचं थोडं खोलात सांगतो, कारण इथे लोकांचा सर्रास गैरसमज असतो. स्वतःच्या वापरातली मोटार विकून आलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण "वापरातली" हे दाखवता आलं पाहिजे. १९८३ साली २० हजारांना घेतलेली १९३१ ची फोर्ड टूरर पुढे २१ लाखांना विकली गेली, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कर कायम ठेवला. गाडी वापरता येण्याजोगी असणं पुरेसं नाही, ती खरंच वापरात होती याचा पुरावा हवा, असा त्याचा मथितार्थ. तुमची जीप २००९ पासून उभी आहे. म्हणून वडिलांच्या काळातल्या विम्याच्या पावत्या, पंपाची बिलं, घरच्यांचे जीपमधले फोटो, जे सापडेल ते एका फायलीत लावा आणि सीएला दाखवा. तरी मी हिशेब कर लागणार असं धरूनच करीन. २००१ पूर्वीची वस्तू असल्याने १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची म्हणून धरता येते. मूल्यांकनकाराने ती ९० हजार ठरवली आणि जीप साडेसहा लाखांनाच गेली असं उदाहरणादाखल घ्या. प्रत्येकाचा नफा १ लाख ८७ हजारांच्या आसपास, त्यावर साडेबारा टक्के आणि सेस मिळून सुमारे २४ हजार ३०० कर. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, ती सवलत या नफ्याला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. आईंचं सगळं मिळून उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर त्यांच्या हिश्श्यावर काहीच लागणार नाही.

रोख अडीच लाखांबद्दल दुमत नको. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. पैसे बँकेतूनच, आणि तीन खात्यांत तीन वेगवेगळे. "कागद नंतर करू, गाडी आज नेतो" हेही चालू देऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. इथे तर नाव दिवंगत माणसाचं आहे.

खर्च करायचाच तर पुराच्या पाण्यासाठी करा. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. अर्ध्या चाकापर्यंत पाणी म्हणजे ते हबमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यात, शिरलेलं असणार. मिस्त्रीला डिफरन्शियलचा खालचा बोल्ट काढायला सांगा. ऑइल दुधाळ आलं तर आत पाणी आहे, आणि गाडी उभी राहून आतले गिअर गंजत आहेत. ऑइल बदलणं, चाकांच्या बेअरिंगांना नवं ग्रीस, ब्रेकचे सिलिंडर, टाकी साफ करणं, जुनं इंजिन उघडून पाहणं आणि व्हिंटेजची फी, माझ्या अंदाजाने लाखाच्या आत बसेल. तो बँकेतल्या ४ लाखांतून करा, बिलं जपा, आणि विक्रीनंतर तिघांच्या पैशांतून आधी वळता करून घ्या. रंगाला हात लावू नका, जुना उडालेला रंगसुद्धा खरेपणाचा पुरावा असतो. पुढच्या पावसाळ्याआधी जीप उंच जोत्यावर हलवा.

विकावीशी वाटतच नसेल, तर तेही समजण्यासारखं आहे. वडिलांच्या हातची गाडी आहे. मग आई आणि ताईंना त्यांचे हिस्से देऊन ती रीतसर आपली करा आणि ठेवण्याचा खर्च पेन्शनमधून झेपतो का बघा. तेव्हा तिला गुंतवणूक म्हणू नका, पंधरा लाखांची वाटही पाहू नका. तुमच्याकडे पेन्शन आणि १९ लाख एवढंच आहे, समोर बराच काळ आहे, आणि आईंच्या आजारपणाची तरतूद त्यातूनच करायची आहे. म्हणून मी विकण्याकडेच झुकतो. तुमच्या वाट्याचे सव्वादोन-अडीच लाख आले की त्याच स्कीममध्ये आणखी एक खातं उघडा. मर्यादा ३० लाखांची आहे, जागा पुष्कळ आहे.

अहमदाबादच्या गृहस्थांना नाही म्हणू नका. "कागद तयार होताहेत, जुन्या इंजिनासकट बोलू" एवढं कळवा. खरा हौशी असेल तर थांबेल, आणि इंजिनाचं ऐकून भाव वाढवेल. आणि या आठवड्यातच ताईंना फोन करा. वारसाने आरसी नावावर करायला मूळ मुदत तीन महिन्यांची असते, तुमची चार वर्षं गेली, थोडा दंड भरावा लागेल. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि आई व ताईंचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र लागेल. त्याच बैठकीत साध्या कागदावर तिघांचा हिस्सा आणि तुमच्या खर्चाची परतफेड लिहून सह्या घ्या. आईंचं वय पाहता त्यांची सही सर्वांत आधी, शक्य झालं तर नोटरीला घरी बोलावून.